पहिला पोपट घ्यायचाय? आधी घरातला पंखा बघा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी ओसरीवर एक पिंजरा टांगलेला असायचा आणि त्यात हिरवा राघू. आजी त्याला सकाळी भिजवलेली चण्याची डाळ आणि एक हिरवी मिरची द्यायची. मिरची तो मजेत खायचा, कारण पक्ष्यांना तिखट लागतच नाही; आम्हा पोरांना मात्र तो फार शूर वाटायचा. चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच नागपूरकरांच्या आठवणीत असा एक मिठू आहे. त्यामुळे "पोपट पाळायचा म्हणतो" असं कोणी म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे हाच पक्षी असतो: हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला. आणि नेमका हाच पाळता येत नाही. तेव्हा निवडीची सुरुवात वगळण्यापासून करू.

पायरी १ : हिरवा राघू यादीतून काढा

कंठवाला पोपट, त्याच्याहून मोठा आणि खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी, जांभळट-लाल डोक्याचा टोई, हे सगळे आपल्या रानातले पक्षी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली त्यांना संरक्षण आहे. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे आणि 'आम्ही त्याला पोरासारखं जपतो' हे सांगून तो माफ होत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कायदा बाजूला ठेवला तरी पक्षी येतो कुठून ते बघा. उन्हाळ्याच्या तोंडाशी राघूची पिल्लं झाडाच्या ढोलीत असतात. तिथून ती हात घालून ओढली जातात, अंगावर नीट पिसंही आलेली नसताना खोक्यात कोंबून गावात येतात. त्यातली कितीतरी वाटेतच मरतात.

"पण दुकानदार म्हणाला, हा इम्पोर्टेड रिंगनेक आहे, निळा!" निळा असो की पिवळा, रंग बदलल्यानं जात बदलत नाही, तो कंठवाला पोपटच. नवख्यानं या भानगडीत पडू नये.

घरात आधीपासून राघू असेल तर तो रागाच्या भरात गच्चीवरून उडवून देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याला ना लांब उडता येतं ना अन्न शोधता येतं. कावळे आणि मांजरी तेवढ्याचीच वाट बघत असतात. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा, किंवा सेमिनरी हिल्सवरच्या, वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरशी बोला.

पायरी २ : बाजारातली नावं उलगडून घ्या

आपल्याकडे दुकानात 'लव्ह बर्ड' मागितला तर बहुतेक वेळा बजरीगर हातात येतो. तो ऑस्ट्रेलियाचा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, आखूड शेपटीचा आणि गोटीसारखा गुटगुटीत. त्याला दुकानदार 'आफ्रिकन लव्ह बर्ड' म्हणतात. 'कॉकटेल' म्हणजे कॉकाटील, डोक्यावर तुरा आणि गालावर केशरी टिकली. तो खरं तर काकाकुव्याच्या घराण्यातला. फिंच हा चिमणीसारखा छोटा पक्षी, पोपटच नव्हे. एवढं पाठ असलं तरी निम्मी फसवणूक टळते.

विदेशी पक्ष्यांनाही कायदा आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्रानं नियम काढले. आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइटीस' कराराच्या यादीतला प्राणी-पक्षी बाळगत असाल तर केंद्राच्या परिवेश या संकेतस्थळावर त्याची नोंद करावी लागते. जवळपास सगळे पोपट त्या यादीत आहेत. विदेशी पोपटांपैकी बाहेर आहेत ते बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड. म्हणजे कोन्युर, मकाव, आफ्रिकन ग्रे असा दुसरा विदेशी पोपट घ्यायचा तर आधी विकणाऱ्याकडे त्याची नोंद आहे का ते बघायचं, मग आपल्या नावावर करून घ्यायची. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समधल्या वन भवनात आहे, तेव्हा 'कुठं विचारावं कळलं नाही' ही सबब नागपूरकराला तरी शोभत नाही.

पायरी ३ : आठवडाभर स्वतःच्या घराची वही लिहा

ही पायरी लोक हसण्यावारी नेतात. मी मात्र कोणी विचारायला आलं की पहिल्यांदा हेच करायला लावतो. सात दिवस रोज तीन गोष्टी टिपा. घर किती तास रिकामं असतं? संध्याकाळी तुम्ही खरोखर किती वेळ एका जागी बसता? रात्री दिवे आणि टीव्ही किती वाजता बंद होतात? पोपटाला दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. हॉलमध्ये साडेअकरापर्यंत मालिका चालत असेल तर पिंजरा हॉलमध्ये नको, आणि दुसरी खोली नसेल तर पोपटच नको.

मग मान वर करून छताकडे बघा. पंखा. घरात मोकळ्या सोडलेल्या पक्ष्यांचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा वैरी हाच. परदेशातल्या चित्रफितींमध्ये पोपट खोलीभर भिरभिरताना दिसतात, कारण तिथं बहुतेक घरांत डोक्यावर पाती फिरत नसतात. पक्षी बाहेर असताना पंखा बंद, हा नियम घरातल्या प्रत्येकाला, अगदी पाहुण्यांनाही पाळता येईल का? एप्रिलमध्ये? पाळता येणार नसेल तर पक्षी पिंजऱ्याबाहेर काढण्याचे तास हिवाळ्यापुरते मोजा आणि त्यानुसार जात ठरवा.

आवाजाचंही बघा. बेसा, मनीषनगरकडच्या नव्या फ्लॅटमध्ये भिंतीपलीकडची शिंकसुद्धा ऐकू येते. तिथं सन कोन्युर आणला तर सोसायटीच्या सभेत तुमचा विषय पहिला. घरात कोणाला दमा असेल तर कॉकाटील नको, त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. काळ्या टीव्हीवर ती दोन दिवसांत दिसते.

पायरी ४ : आता जात

माझं सरळ मत: पहिल्यांदा पाळणाऱ्या नागपूरकरानं बजरीगर किंवा कॉकाटील घ्यावा. बाकीच्यांचा विचार दोन उन्हाळे काढल्यावर.

बजरीगर जेमतेम १८ सेंटिमीटरचा, वजन ३० ते ४० ग्रॅम. पाच ते दहा वर्षं जगतो. जोडी काही शेकड्यांत मिळते आणि हीच त्याची पंचाईत आहे: स्वस्त म्हणून लोक त्याला शोभेची वस्तू समजतात. वास्तविक १८४० मध्ये जॉन गूल्डनं तो ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला नेला तेव्हापासून माणसाच्या संगतीत वाढलेला हा पक्षी आहे आणि बुद्धीनं तल्लख आहे. 'लहान पोपट बोलत नाही' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो: गिनीज बुकात सगळ्यात जास्त शब्दांचा विक्रम पक नावाच्या बजरीगरच्या नावावर आहे, १,७२८ शब्द. अर्थात तुमचा बोलेलच असं नाही. नर जास्त बोलतात. मोठा झालेला नर चोचीवरच्या मांसल पट्टीवरून ओळखू येतो. नराची निळी, मादीची तपकिरी किंवा पांढुरकी. काही रंगांच्या नरांत ती गुलाबीच राहते, तेव्हा फक्त पट्टीवर पैज लावू नका.

एक की दोन? घर दिवसभर रिकामं असेल तर दोन. ते एकमेकांत रमतील, तुमच्याशी कमी बोलतील, पण दुःखी नसतील. आजी-आजोबा घरीच असतात, पक्ष्याशी गप्पा मारणारं कोणीतरी कायम आहे, अशा घरात एकटा बजरीगरही छान माणसाळतो. जोडीसोबत दुकानदार मातीची मटकी देतो, 'त्यात राहतील' म्हणून. मटकी घरी आणू नका. बजरीगर त्यात राहत नाहीत, अंडी घालतात. एकामागून एक अंडी घालून मादी खंगते, कधी अंडं अडकून मरते, आणि सहा महिन्यांत तुमच्याकडे कोणाला द्यायचे हे ठाऊक नसलेले आठ पक्षी होतात.

कॉकाटील मोठा, ३० सेंटिमीटरच्या वर, ८० ते १०० ग्रॅम, आणि आयुष्य १५ ते २० वर्षं. तुमच्या बालवाडीतल्या मुलीसाठी आणलात तर ती नोकरीला लागेपर्यंत तो घरात असेल, हे मनाशी धरा. किंमत हजारांत. पण स्वभाव असा की मला आजवर याच्याहून समजूतदार पाळीव पक्षी भेटला नाही. डोकं पुढं करून खाजवून घेतो. तुरा ही त्याची भाषा: सरळ ताठ म्हणजे दचकला, मागं चापून बसवला म्हणजे रागावला, अर्धवट सैल म्हणजे सगळं ठीक. बोलतो थोडं, शीळ मात्र सुरेख घालतो. कुकरची शिट्टी, दुधवाल्याची घंटी, दारावरची बेल असा सगळा घरसंसार त्याच्या गळ्यात उतरतो. एक खोड सांगून ठेवतो. रात्री अंधारात अचानक दचकून तो पिंजऱ्यात आपटतो, पंख रक्ताळून घेतो. मिणमिणता दिवा ठेवला की हे बरंच कमी होतं.

लव्हबर्ड दिसायला देखणा, चोच मात्र कात्रीसारखी, आणि लहान मुलांच्या घरात ती कात्री नको. हिरव्या गालाचा कोन्युर गमत्या, खेळकर, आवाजही त्या कुळात कमी. पण वीस वर्षांहून जास्त जगतो, नोंद लागते आणि रोज तासन् तास संगत मागतो. सन कोन्युरबद्दल वर बोललोच. आफ्रिकन ग्रे आणि मकाव यांच्याबद्दल पहिल्या पक्ष्याच्या लेखात लिहिण्याचं कारण नाही. ग्रे ४०-५० वर्षं जगतो आणि कंटाळला तर स्वतःची पिसं उपटून उघडा होतो.

पायरी ५ : उन्हाळ्याचा बंदोबस्त पक्षी आणण्याआधी

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. तेवढं दरवर्षी होत नसलं तरी मेमध्ये ४५ च्या आसपासचे दिवस येतातच. 'ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला पक्षी आहे, त्याला काय होते' असं मला एका विक्रेत्यानं सांगितलं होतं आणि मी ते मानलं.

बजरीगर आणि कॉकाटील दोघंही ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या आतल्या भागातले हे खरंय, म्हणून तर आपल्या कोरड्या हवेत ते दमट जंगलातल्या पक्ष्यांपेक्षा बरे टिकतात. पण तिथं ते भर दुपारी झाडाच्या दाट सावलीत गप्प बसतात, पाण्याजवळ थव्यानं जातात. पिंजऱ्यातल्याला जागा बदलता येत नाही. माझी पहिली जोडी पश्चिमेच्या गॅलरीत होती. मेमधला एक दिवस, सकाळी नऊला तिथं गारेगार सावली बघून मी लग्नाला गेलो. आलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि पिंजऱ्यावर सरळ ऊन. एक तळाशी पडलेला, दुसरी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत होती. मादी वाचली. सकाळची सावली दुपारी सरकते हे शाळेत शिकलो होतो, पण पिंजरा टांगताना आठवलं नाही.

पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात. मुख्यतः धाप टाकून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे वर लिहिलेली खूण दिसली की पाच मिनिटंही थांबायचं नाही. गार खोलीत न्यायचं, पाय आणि पंखांखालचा भाग साध्या पाण्यानं ओला करायचा, बर्फाचं पाणी नको. प्यायला पाणी पुढं ठेवायचं, चोचीत ओतायचं नाही, ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. आणि डॉक्टरांना फोन.

पिंजऱ्याची जागा मार्च ते जून घराच्या आतल्या, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खोलीत. कूलर चालेल, किंबहुना नागपुरात तोच चालतो, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको. कूलर एका कोपऱ्यात, पिंजरा त्याच्या तिरक्या बाजूला. टाकीचं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, शेवाळाचा वास तुम्हाला येतो तसा त्यालाही येतो. टाकीवर झाकण हवंच, मोकळा सुटलेला पक्षी आत पडून बुडतो. लाइट गेली तर अर्ध्या पिंजऱ्यावर ओलं, पिळलेलं सुती कापड टाका. अर्ध्याच, हवा खेळली पाहिजे. मृग लागला की हवा दमट होते आणि कूलर नुसता चिकचिकाट करतो, तेव्हा तो बंद करून खिडक्या उघडा. जाळी असेल तरच.

हिवाळा त्या मानानं सोपा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा रात्री तीन बाजूंनी चादर आणि खिडकीपासून लांब, एवढं पुरतं.

पायरी ६ : पिंजरा, खाणं आणि स्वयंपाकघराचं दार

गोल, देवळाच्या कळसासारखे पिंजरे दिसायला छान असतात, पक्ष्याच्या काही कामाचे नाहीत. पक्षी आडवा उडतो, म्हणून उंचीपेक्षा लांबी बघा. बजरीगरच्या जोडीला किमान दोन फूट लांब, दीड फूट रुंद. कॉकाटीलला त्याहून मोठा, पंख पूर्ण पसरून कुठंच न टेकणारा. बजरीगरसाठी गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या वर नको, डोकं अडकतं. आत येणाऱ्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून कडुनिंबाच्या आणि पेरूच्या वेड्यावाकड्या फांद्या लावा, कमी-जास्त जाडीच्या. एकाच जाडीवर बसून पायाला फोड येतात. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ती विषारी.

नुसत्या बियांवर पोपट जगतो, पण धड जगत नाही. राळा, बाजरी हा पाया असू द्या, सूर्यफुलाच्या बिया बक्षिसापुरत्या, कारण त्यात तेल फार. रोज कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर यांपैकी काहीतरी. संत्र्याची फोड कधीतरी द्या, बिया काढून. नागपुरात राहून त्यानं संत्रं चाखलंच नाही असं नको व्हायला. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारट चिवडा हे सगळं बंद. तर्री पोहे तुमचे तुम्ही खा. बुरशी आलेले शेंगदाणे फार घातक, तेव्हा शेंगदाणे जरा जुने वाटले तरी देऊ नका. चोचीसाठी आणि चुन्यासाठी समुद्रफेस टांगा.

आता दार. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या लेपातून निघणारा धूर काही मिनिटांत पक्षी मारतो, आणि तुम्हाला वासही येत नाही. ज्या घरात पोपट आहे तिथं लोखंडी तवा बरा. डास पळवायची कॉइल आणि अगरबत्ती पिंजऱ्याच्या खोलीत नको, पूजेच्या वेळी पिंजरा दुसरीकडे हलवा.

पायरी ७ : दुकानात

मुहूर्त म्हणाल तर दिवाळीचे फटाके आणि तुळशीचं लग्न आटोपल्यावर. हवा गार, पक्ष्याला नव्या घरात रुळायला पुढं तीन-साडेतीन महिने मिळतात आणि उन्हाळ्याआधी तुमचाही हात बसतो. एप्रिल-मेमध्ये कोणी फुकट दिला तरी नाही म्हणा.

२०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती आहे का, हे नम्रपणे विचारा. उत्तरापेक्षा चेहरा जास्त सांगतो. मग खरेदी न करता अर्धा तास नुसते उभे राहा. माणूस जवळ आला की आजारी पक्षीही क्षणभर सावरून बसतो, म्हणून जरा दुरून बघायचं. पिसं फुगवून दिवसाढवळ्या झोपलेला, प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली हलणारा, नाकपुड्या ओल्या, शेपटीखालची पिसं विष्ठेनं माखलेली, चोचीवर खडबडीत पांढरी खपली असलेला पक्षी दया आली तरी घेऊ नका. त्याच पिंजऱ्यातला दुसराही नको.

बजरीगर लहान आहे हे कपाळावरून कळतं: आडव्या रेघा थेट चोचीपर्यंत आल्या असतील तर तीन-चार महिन्यांच्या आतला. तोच हवा.

आणि हे ऐकायला मिळेलच: "घेऊन जा भाऊ, हातावरचं पिल्लू आहे, चमच्यानं भरवा, मागं मागं फिरते." नको. न पिसावलेलं, स्वतः खाऊ न शकणारं पिल्लू भरवणं हे सरावाचं काम आहे. खिमट जास्त गरम झालं तर गळ्याची पिशवी भाजते, थंड झालं तर त्या पिशवीत साचून राहतं, घाईत दिलं तर फुप्फुसात जातं. कॉकाटीलचं पिल्लू आठ-दहा आठवड्यांचं, तुमच्या डोळ्यांदेखत स्वतः दाणे फोडून खाणारं असेल तरच पैसे काढा. माणसाळतं तेही, महिनाभर जास्त लागतो एवढंच.

पक्षी घेण्याआधी डॉक्टर शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लीगल्लीत आहेत, पक्षी हाताळणारे थोडे. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना माहीत असू द्या.

पहिले सात दिवस

घरी आणताना भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, स्कूटीच्या डिकीत नाही, मांडीवर. पिंजरा भिंतीला लागून, तुमच्या छातीच्या उंचीवर. पहिले दोन-तीन दिवस दाणा-पाणी बदलण्यापलीकडे हात घालू नका. शेजारची पोरं बघायला येतील, त्यांना पुढच्या रविवारचं बोलावणं द्या. चौथ्या दिवसापासून पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून पेपर मोठ्यानं वाचा, काय वाचता याला महत्त्व नाही. मग राळ्याचं कणीस गजांमधून धरा आणि हात न हलवता थांबा. पहिल्या दिवशी तो मागच्या कोपऱ्यात जाऊन बसेल. दुसऱ्या दिवशीही. कधीतरी मान लांब करून एक दाणा ओढेल आणि पुन्हा मागं जाईल.

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा असेल तर दर रविवारी वजन लिहून ठेवा. पक्षी आजार लपवतो, वजन लपत नाही. ३५ ग्रॅमचा बजरीगर आठवड्यात ३१ वर आला तर तो कितीही बडबडत असो, सोमवारी सकाळी दवाखाना. आणि पंख्याच्या बटणावर आजच चिकटपट्टी लावा, त्यावर ठळक अक्षरात 'आधी पक्षी बघा' असं लिहा.